एमबीबीएसनंतर कम्युनिटी मेडिसिन: एमडी की एमपीएच? पुण्यात काय बघून घ्यावं?

प्रश्न (इंटर्न, धनकवडी): नीट पीजीला कम्युनिटी मेडिसिन (सार्वजनिक आरोग्याची शाखा) पहिल्या पसंतीला टाकतोय, नाइलाजानं नाही. घरचे विचारतात, "मग पेशंट कोण बघणार?" एमडी करू की एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ)? आणि कॉलेज निवडताना काय विचारू?

उत्तर १: मेडिकल कॉलेजात शिकवायचं असेल तर एमडी (3 वर्षं) किंवा त्याच्या तोडीची डीएनबी पदवी. एमपीएच साधारण 2 वर्षांचं, बिगर-डॉक्टरांनाही खुलं. एमबीबीएसवाल्यानं एमडीऐवजी ते घेताना नीट विचार करावा. एमडीनंतर साथीच्या तपासात उतरायचं असेल, तर दिल्लीच्या एनसीडीसीचा (राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र) 2 वर्षांचा ईआयएस (एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस) कार्यक्रम जरूर बघा.

उत्तर २: फी आणि हॉस्टेल नंतर. आधी रेसिडेंटना गाठून विचारा: आरएचटीसीला (कॉलेजचं ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र) गाडी रोज जाते की तपासणीपुरती? घरभेटींचं रजिस्टर कोण भरतं? 3 महिन्यांच्या डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीत (जिल्हा आरोग्य यंत्रणेतल्या नेमणुकीत) काम मिळतं की नुसती हजेरी? थिसिसचा विषय पहिल्या सहा महिन्यांत पक्का करा. सँपल साइझ (अभ्यासात किती जण लागतील) आधी काढा. डेटा गोळा झाल्यावर स्टॅटिस्टिशियनकडे धावणाऱ्यांचाच थिसिस अडकतो.

उत्तर ३: ही ब्रँच मोजण्याची आहे. 2025च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा संशय पाण्यावर गेला. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू मिळाला. अशा वेळी विहिरीत अंदाजानं ब्लीचिंग पावडर टाकून भागत नाही.

विहीर 3 मीटर व्यासाची, पाणी 4 मीटर खोल: 3.14 × 3 × 3 × 4 ÷ 4, म्हणजे 28.26 घनमीटर, अर्थात 28,260 लिटर. पावडर किती लागेल ते हॉरॉक्स किट सांगतं: त्यात स्पष्ट निळा रंग पहिल्यांदा तिसऱ्या कपात दिसला, तर 455 लिटरला 3 × 2 = 6 ग्रॅम; एकूण सुमारे 373 ग्रॅम. एका बादलीत 100 ग्रॅमच्या वर पावडर नको. आधी थोड्या पाण्यात पेस्ट करा, बादली भरा, 5-10 मिनिटं निवळू द्या आणि फक्त वरचं पाणी विहिरीत सोडून ढवळा. तळाचा चुना गेला तर पाणी जड होतं. तासाभरानं मोकळा क्लोरीन लिटरला 0.5 मिलिग्रॅम हवा. क्लोरीन मोजायच्या ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीत रंग 10 सेकंदांच्या आत वाचायचा. उशीर केला की संयुक्त क्लोरीनही (इतर घटकांशी जोडलेला, कमी प्रभावी) त्यात धरला जातो आणि पाणी सुरक्षित असल्याचा भास होतो. ताज्या पावडरीत सुमारे 33 टक्के क्लोरीन असतो, पोतं उघडं राहिलं की उडतो. म्हणून दर वेळी हॉरॉक्स कराच.

उत्तर ४: घरच्यांना सांगा, पेशंट बघायचेच आहेत. आरोग्य केंद्राची ओपीडी, क्षयरोग्यांचा पाठपुरावा, गरोदर बायांची तपासणी, सगळं यात येतं. पण सपाट भागात एका प्राथमिक आरोग्य केंद्रामागे 30,000 लोकसंख्या धरलेली असते. त्यातले जे दवाखान्यात येतच नाहीत, तेही तुमचेच.