कास–ठोसेघर: धुक्यातील छायाचित्रणाविषयी विचारणा

प्रश्न: सप्टेंबरमध्ये साताऱ्याहून कासचे फुलांचे पठार आणि ठोसेघरचा धबधबा येथे जाणार आहे. धुक्यातील छायाचित्रे फार मळकट येतात. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर: कॅमेऱ्याचा प्रकाशमापक धुक्याचा पांढरेपणा करडा करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर (छायाचित्राची उजळता) कॅमेऱ्यात +१ पर्यंत वाढवावे आणि चौकटीत जवळचे एखादे झाड घ्यावे, म्हणजे खोली जाणवते. धबधब्यासाठी ट्रायपॉड, आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता) १०० आणि अर्ध्या सेकंदाचा शटर वेग ठेवावा. ओल्या कातळावरची चकाकी पोलरायझरने (लेन्सवर लावायच्या फिल्टरने) कमी होते.

दुसरे उत्तर: सहमत. मात्र २०१२ पासून जागतिक वारशात समाविष्ट असलेल्या कासच्या कातळावर मातीचा थर अत्यंत पातळ असल्याने, एका चौकटीसाठी फुले तुडवणे मला अक्षम्य वाटते. टेलिफोटो (दूरचे जवळ दाखवणारी) लेन्स वापरून पायवाटेवरूनच छायाचित्रे घ्यावीत.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. टेलिफोटो लेन्स सोबत घेतो.