‘फवारा’ की ‘लोट’?

प्रश्न : कोल्हापुरातील आमच्या शाळेच्या विज्ञान भित्तिपत्रकासाठी आलेल्या एका लेखात, अग्निबाण उडताना प्रक्षेपण मंचावर पाणी सोडणाऱ्या यंत्रणेला ‘अग्निशामक फवारा’ म्हटले आहे. मला हा शब्द खटकतो. आपण काय सुचवाल?

उत्तर : आपल्याला खटकले ते योग्यच आहे. हे पाणी आग विझवण्यासाठी नसतेच. इंजिनांचा गडगडाट काँक्रीटवर आदळून परत वर येतो आणि खुद्द अग्निबाणाला, त्याच्या टोकाशी ठेवलेल्या नाजूक उपग्रहाला हादरवतो. त्या ध्वनिलहरींची बरीचशी ऊर्जा पाण्याच्या असंख्य थेंबांत जिरते आणि त्याच थेंबांची वाफ होताना ज्वालांची उष्णताही शोषली जाते. १२ एप्रिल १९८१ रोजी कोलंबिया हे अमेरिकेचे स्पेस शटल, म्हणजे पुन्हा वापरता येणारे अंतराळयान, प्रथम उडाले तेव्हा त्याला जोडलेले बूस्टर (उड्डाणाला जादा जोर देणारे अग्निबाण) पेटताच उठलेली दाबलहर अपेक्षेपेक्षा कितीतरी तीव्र निघाली, म्हणून पुढच्या उड्डाणाआधी पाण्याची व्यवस्था वाढवावी लागली. यासाठी ‘ध्वनिशमन’ हा शब्द मला नेमका वाटतो. तहान शमते, राग शमतो, तसा येथे आवाजाचा जोर ओसरतो; आवाज नाहीसा होत नाही.

‘फवारा’ तर अगदीच अपुरा आहे. शटलच्या काळात अमेरिकेतील केनेडी अंतराळ केंद्रात सुमारे ८८ मीटर उंचीच्या टाकीतून ११ लाख लिटरांहून अधिक पाणी, पंपाविना, केवळ गुरुत्वाकर्षणाने ४१ सेकंदांत खाली येई. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्यावर भोगावती नदीत झेपावणाऱ्या पाण्याला आपल्याकडे कोणी फवारा म्हणणार नाही. तो लोट असतो.

प्रतिप्रश्न : मग धरणाचाच शब्द घेऊन ‘विसर्ग’ का म्हणू नये? पावसाळ्यात तो आमच्या मुलांच्या रोज कानावर पडतो.

उत्तर : ‘विसर्ग’ चुकीचा नाही, परंतु तो पाणी सोडण्याच्या क्रियेचा आणि क्युसेकमधल्या मोजणीचा शब्द आहे, त्यातून पाण्याचा आवेग डोळ्यांसमोर उभा राहत नाही. शिवाय आपण पाण्याचे लोट म्हणतो तसेच वाफेचेही लोट म्हणतो, आणि उड्डाणाच्या वेळी मंचाच्या बाजूंनी उसळणाऱ्या पांढऱ्या ढगात याच पाण्याची पुष्कळ वाफ मिसळलेली असते. खाली कोसळणारे पाणी आणि वर चढणारी वाफ ही दोन्ही त्या एका शब्दात सामावतात. यंत्रणेला ‘ध्वनिशमन यंत्रणा’ म्हणावे आणि वर्णनात ‘लोट’ वापरावा, असे माझे मत आहे.