रोलर घरीच बनवायचाय: ड्रममध्ये काँक्रीट ओतू का?

दीड_एकर

नमस्कार मंडळी. आधी लाज सांगतो, मग प्रश्न विचारतो.

दीड एकरात लसूणघास (जनावरांचा हिरवा चारा) पेरली. रोटाव्हेटर (ट्रॅक्टरमागचं फिरत्या पात्यांचं अवजार) दोनदा मारला आणि माती इतकी भुसभुशीत केली की पाय टाकला की घोट्यापर्यंत आत. मी खूश. म्हटलं, गादी झाली, आता बियाला आणखी काय हवं! बी हाताने फोकलं, वरून काटेरी फांदी ओढली, तुषारने पाणी दिलं. दहा दिवसांनी बघतो तर अख्खं शेत टकलं आणि त्यातून तिरक्या गेलेल्या दोन हिरव्यागार पट्ट्या. जरा वेळाने डोक्यात प्रकाश पडला. फोकून झाल्यावर विसरलेला पाइप आणायला मी ट्रॅक्टर आडवा घातला होता, त्याच्या चाकांच्या त्या वाटा. टायरच्या नक्षीसकट उगवलं होतं!

बाकीकडे उकरून पाहिलं. काही बी चार-पाच सेंटिमीटर खाली गाडलं गेलं होतं, काही वरच्या कोरड्या मातीत जसंच्या तसं. म्हणजे माती दाबायला हवी होती, एवढं अक्कलखाती जमा झालं.

आता रोलर बनवतोय. घरात 200 लिटरचे दोन लोखंडी ड्रम आहेत. बेत असा: दोन्ही ड्रम एका रेषेत, मधून 40 मिलिमीटरचा शाफ्ट, आत काँक्रीट, बाहेरून अँगलची चौकट आणि पुढे ओढदांडी. ट्रॅक्टर छोटा, 22 एचपीचा. काँक्रीट की वाळू की पाणी? रोलर गुळगुळीत ठेवू की त्याला कंगोरे करू? एका ड्रममध्ये पूर्वी थिनर होतं, दुसऱ्यात काय होतं कोणालाच आठवत नाही. वेल्डिंग मी स्वतः करतो. टाका दिसायला कोंबडीने उकरल्यासारखा, पण धरून ठेवतो.

मैंदवाली

काँक्रीट नको. ओतलंत की तो निर्णय जन्मभराचा. 200 लिटर काँक्रीट म्हणजे साधारण 480 किलो, दोन ड्रमचं जवळपास एक टन. तुमचा ट्रॅक्टरच तेवढ्या वजनाचा असेल. सपाटीवर ओढेल हो, पण उतारावर रोलर ट्रॅक्टरला ढकलायला लागला की कोण कोणाला नेतंय ते कळत नाही. पाणी भरलंत तर ड्रमला 200 किलो, आणि नको तेव्हा बूच काढलं की रिकामा. हलक्या मातीत पूर्ण भरा, चिकण मातीत अर्धा. कडाक्याची थंडी पडत असेल तर हंगामानंतर पाणी ठेवू नका, गोठलं की ड्रम फुगतो.

एकूण वजनाचा आकडा फारसा बोलत नाही. ते किती लांबीवर पसरलंय ते बघा. ड्रमची लांबी साधारण 88 सेंटिमीटर. ड्रम, पाणी आणि चौकटीचा वाटा मिळून 250 किलो धरले तर मीटरला 280 किलोच्या आसपास पडतात. बारीक बियांना तेवढे पुरतात. आणि व्यास मोठा असलेला बरा. बारका पाइप मऊ मातीत घुसतो आणि माती पुढे लोटत नेतो, मोठा तिच्यावर चढून जातो.

गुळगुळीत ठेवू नका, हे मी स्वतः भोगून सांगतेय. पहिल्या वर्षी मी सपाट रूळ फिरवला. शेत असं तुकतुकीत झालं की बघत राहावं. मग एक जोराची सर आली आणि वर खपली धरली. खाली कोंब वाकडे होऊन बसलेले, वर येता येईना. कंगोरे असले की बी खाचेत पडतं, दुसऱ्या फेरीत खाच मिटते, आणि उंचवटे-खाचांमुळे पाणीही सपाट वाहून जात नाही. म्हणून फेऱ्या दोन: एक पेरणीआधी, एक नंतर. आधीची फेरी कोणी करत नाही, आणि तुमचं बी पाच सेंटिमीटर खाली गेलं ते तिच्यावाचूनच. लसूणघासीला एक सेंटिमीटर पुष्कळ.

पेरण्याआधी टाच दाबून बघा. बुटाचा ठसा सेंटिमीटरभर उमटला तर माती तयार. जास्त रुतला तर अजून एक फेरी.

ठिणगी

थिनरच्या ड्रमला हात लावू नका. ग्राइंडरही नाही, वेल्डिंगही नाही, "आता वास येत नाही" म्हणून तर मुळीच नाही. रिकामा ड्रम भरलेल्यापेक्षा वाईट, कारण आत वाफ आणि हवा मिसळून तयार बसलेली असते. ज्यात काय होतं हेच माहीत नाही, तोही त्यातच धरा. पाणी किंवा साबण यांखेरीज दुसरं काही कधी न भरलेले ड्रम शोधा, नाहीतर जाड पाइप घ्या. 40 सेंटिमीटर व्यासाचा, 8 मिलिमीटर जाडीचा पाइप मीटरला 77 किलो भरतो. दोन्ही टोकं बंद करून पाणी भरलं तर आणखी 115 किलो.

ड्रमच करायचे असतील तर दोन गोष्टी. झाकणाचा पत्रा मिलिमीटरभर जाडीचा असतो. शाफ्ट थेट त्याला जोडलात तर चार फेऱ्यांत टाक्याच्या कडेने फाटेल. दोन्ही बाजूंना 6 मिलिमीटरची ताटाएवढी गोल प्लेट लावा, मग त्यात पाइप. आणि दोन्ही ड्रम एकाच शाफ्टला पक्के करू नका. वळताना बाहेरच्या ड्रमला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी. पक्के असले की एक घसटत जातो आणि उगवलेलं खरवडून काढतो. शाफ्ट चौकटीला स्थिर, ड्रम त्यावर सुटे फिरणारे. कंगोऱ्यांच्या कड्या पत्र्यावर वेल्ड करू नका, भोक पडेल. पट्टी वाकवून बोल्टने आवळा.

उगाच_विचारतो

रोलरची भानगड हवीच कशाला? रोटाव्हेटर एकदाच आणि उथळ मारला असता, वरून फळी फिरवली असती, तर भागलं नसतं का? आधी माती पिठासारखी करायची आणि मग दाबायला यंत्र बनवायचं. डोकं दुखवून घेऊन मग बाम शोधण्यातला प्रकार.

मैंदवाली

रोटाव्हेटरचं अगदी बरोबर. दीड एकराच्या टकलाचं निम्मं कारण तेच आहे. फळीचं मात्र नाही. माझं नावच मैंदवाली आहे आणि मैंद म्हणजे हीच फळी, तेव्हा फळीवर माझा राग नसावा, पण फळी उंचवटे कापते आणि खळग्यात माती लोटते. खळग्यातली माती पोकळच राहते. खालचं पाणी वर चढतं ते बारीक छिद्रांमधून. मध्ये मोठी पोकळी आली की ती वाट तुटते, आणि बी नेमकं त्या पोकळीत लटकलेलं असतं. म्हणूनच त्या सुट्या कड्यांच्या रोलरला तोड नाही, ज्याला केंब्रिज रोलर म्हणतात. त्या गावाशी किंवा विद्यापीठाशी त्याचा संबंध नाही, विल्यम केंब्रिज नावाच्या माणसाने 1844 मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं. प्रत्येक कडी शाफ्टवर सैल, त्यामुळे खळग्यातही पोचते.

भंगारप्रेमी

गाडीचे जुने टायर घ्या हो! रिमसकट. रिमच्या मधल्या भोकातून जाड पाइप ओवा, आठ टायर शेजारी शेजारी लावा, झाला रोलर. टायरचा माथा जरासा गोलसर असतो, दोन टायरांमध्ये आपोआप उंचवटा राहतो, कंगोऱ्यांचं काम फुकट. हवा कमी ठेवा. टायर दबतो-सुटतो, त्यामुळे चिकटलेली माती बरीचशी आपणच झडते, लोखंडी ड्रमला ती चिकटून बसते. वजन चौकटीवरच्या पेटीत: वाळूची पोती, हवी तितकी.

ठिणगी

कल्पना झकास, पण रिमला वेल्डिंग करायचं असेल तर आधी टायर उतरवा. हवा काढली म्हणजे झालं असं समजू नका. रिम तापली की आतलं रबर जळून वायू सुटतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. रिम सुटी करा, वेल्ड करा, पूर्ण थंड होऊ द्या, मग टायर चढवा.

दीड_एकर

पाच आठवड्यांनी परत आलोय. दोन्ही ड्रम आहेत तिथेच ठेवले. टायरचं केलं.

आठ टायर, चार-चारचे दोन गट, प्रत्येक गटाचा पाइप वेगळा, म्हणजे वळताना घसटत नाही. टायर आणि रिम मिळून एक नग पंधरा किलोच्या आसपास, म्हणजे 120 किलो. चौकट साठेक. वर लाकडी पेटी, तीत वाळूची चार पोती, चाळीस-चाळीसची. एकूण 340 किलो आणि रुंदी 1.4 मीटर. मीटरला 240 पडले. मैंदवालींच्या हिशेबापेक्षा जरा कमी, पण माझी माती भारी आहे म्हणून तिथेच थांबलो. वेल्डिंग ठिणगी म्हणाले तसंच, रिम उघड्या करून. टायर पुन्हा चढवायला दोन टायर-पट्ट्या आणि भरपूर शिव्या लागल्या.

पहिल्या दिवशी घाई केली. सकाळी वाफसा नव्हता, म्हणजे माती अजून कामाजोगी सुकली नव्हती, हे कळत होतं. मुठीत माती दाबली तर गोळा झाला, खाली टाकला तर फुटलाच नाही, चपटा होऊन बसला. तरी म्हटलं, चाचणी तर घेऊ. पाणी साचतं त्या कोपऱ्यात वीस पावलं गेलो आणि टायरांना चिखलाचा थर चढत चढत आठ टायरांचा एकच लोळ झाला. माती झडते म्हणतात ती वाफशावरची, चिखल नव्हे. तो कोपरा आता विटेसारखा कडक झालाय, तिथे या हंगामात काही येणार नाही. दोन दिवस थांबलो. मग गोळा टाकला की फुटायला लागला, आणि त्याच टायरांनी तेच शेत सुरेख दाबलं.

रोटाव्हेटर या वेळी एकदाच, बोटभर खोल. (उगाच_विचारतो, नावाला जागलात, पण खरं तेच बोललात.) मग रोलर, मग फोकणी, मग पुन्हा रोलर, दोन्ही फेऱ्या भरभर चालण्याच्या वेगाने. एका कडेला दहा पावलांची पट्टी मुद्दाम न दाबता ठेवली, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की पाऊसपाणीच चांगलं होतं.

सहाव्या दिवशी कोंब दिसले. अख्खं शेत विंचरल्यासारखं, टायरच्या खाचांमध्ये दाट, उंचवट्यांवर विरळ. न दाबलेल्या पट्टीत गुडघे टेकून वीतभर चौकोनात मोजले: तिथे चार कोंब, शेजारी दाबलेल्या भागात एकोणीस. एकाच जागी मोजलंय, तेव्हा फार ताणू नका. पण उभ्यानेही फरक दिसतो.

आता खोट. दोन गटांच्या मधोमध बेअरिंगसाठी अकरा सेंटिमीटर जागा सुटली. तिथून टायर जातच नाही, त्यामुळे शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दर फेरीला एक टकली रेघ. भांगच पाडलाय.

भंगारप्रेमी

एक गट अर्धा मीटर मागे घ्या. पुढच्याच्या टोकावर मागचं टोक थोडं चढेल एवढा आत सरकवा. चौकट तिरकी दिसेल, दिसू द्या.

ठिणगी

मागे घेतलात तर ओढदांडी मधोमध ठेवू नका. आधी जमिनीवर खडूने आखा, ओढून बघा कुठे सरळ चालतो, मग पक्की करा. आणि पहिल्या दहा फेऱ्यांनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा.

दीड_एकर

आवळायला गेलो तर एक आधीच पडलाय. शेतात शोधतोय.