धातूची रिंग असेल तर काढाच

शस्त्रक्रियेआधी हेअर एक्स्टेन्शन (केसांना जोडलेले जादा केस) काढावीत का, यावर ‘क्लिपवाली काढा, कायमची लावलेली राहू द्या’ असा सल्ला दिला जातो, तो मला अर्धाच पटतो. मुद्दा धातूचा आहे. मायक्रोरिंगवाल्या एक्स्टेन्शनमध्ये प्रत्येक बटेला बारीक धातूची रिंग असते, वरून दिसतही नाही. शस्त्रक्रियेत कॉटरी (विजेने कापायचं आणि रक्तस्राव थांबवायचं उपकरण) वापरली की बहुतेकदा वीज शरीरातून जाते आणि धातूपाशी भाजण्याचा धोका, लहान का होईना, राहतो. शिवाय भुलीत डोकं तासन् तास एकाच जागी टेकलेलं असतं, तेव्हा मागच्या रिंगा रुततात. केराटिनने (गोंदासारख्या प्रथिनाने) चिकटवलेली किंवा टेपवाली बहुतेकदा चालतात, अर्थात डोक्यावर किंवा मानेवर शस्त्रक्रिया नसेल तर. तरी भूलतज्ज्ञांना आधी सांगाच.

माझ्या भाचीचं पित्ताशयाचं ऑपरेशन कोथरूडला झालं. तिला रिंगा काढायला सांगितल्या, आणि अंबाडाही नको म्हणाले: श्वासाची नळी घालताना मान नीट मागे जायला हवी. बाजूला सैल वेणी चालली. रिंगा मात्र पकडीनेच उघडतात. घरी ओढल्या तर स्वतःचे केस तुटतात. त्यात गणपतीच्या आधीचा आठवडा, कर्वे रोडवर एकाही पार्लरला वेळ नव्हता. शेवटी सिंहगड रोडला जाऊन काढून आणल्या.