'दी' म्हणजे ऊर्फच ना?

वंशावळवाली : आमचे व्याही क्यूबेकचे (कॅनडातला फ्रेंचभाषक प्रांत), आडनाव बोल्यू. नातवासाठी दोन्हीकडची वंशावळ मराठीत लिहायला घेतली आहे. जुन्या पिढ्यांत प्रत्येकाचं आडनाव 'उदाँ दी बोल्यू' असं येतं. या 'दी'ला सरळ 'ऊर्फ' लिहू ना?

मोडीप्रेमी : लिहा, पण जपून. 'दी' हे फ्रेंचमधल्या 'म्हणणे' या क्रियापदाचं रूप, म्हणजे 'म्हटलेला'. बाई असेल तर 'दीत'. अर्थानं ऊर्फ अगदी जवळचा. मूळ अरबी शब्दातही लोकांत रूढ असलेलं, ओळखीचं, असाच भाव आहे. पण आपला ऊर्फ बहुधा त्या माणसाबरोबरच संपतो. दत्तात्रेय ऊर्फ बंडू यांचा मुलगा काही जन्मतःच बंडू नसतो. तिकडचं हे दुसरं नाव मात्र वारशानं पुढे जायचं. पुढच्या पिढ्यांत कुणी पहिलं धरलं, कुणी दुसरं, कुणी दोन्ही. त्यामुळे एकाच मूळपुरुषाचे वंशज आज उदाँही आहेत आणि बोल्यूही.

चकवा : आपल्याकडे भटांचे पेशवे झालेच की!

मोडीप्रेमी : झाले, पण ते पदावरून. यांची कितीतरी नावं पलटणीतली आहेत. फ्रेंच सैन्यात शिपायाला एक 'लढाईतलं नाव' असायचं. १६६५ मध्ये तिथल्या इरोक्वा या मूळ रहिवाशांशी लढायला कारिन्याँ-सालिएर ही पलटण कॅनडात उतरली, सुमारे बाराशे शिपाई. त्यांतले चारशेच्या आसपास तिथेच जमीन घेऊन राहिले आणि ही नावं घराण्यांना चिकटली. साँसूसी म्हणजे बिनघोर. त्राँशमाँताञ म्हणजे डोंगर कापणारा. लाफ्लर म्हणजे चक्क फूल! (दाढीमिशांच्या गड्याला 'फूल' म्हणून हाक मारताना बाकीचे हसत नसतील?) सगळीच नावं शिपायांची नव्हेत. एकाच आडनावाची घरं वेगळी ओळखू यावीत म्हणूनही ती पडली.

चकवा : त्यात अमेरिकेत गेलेल्यांनी आणखी घोळ घातला. न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत गेलेल्या काही बोआव्हेरांनी आपलं 'हिरवं रान' शब्दशः भाषांतरून ग्रीनवूड केलं. काही रुआ (म्हणजे राजा) किंग झाले. ग्रीनवूड म्हणून शोधत बसाल तर क्यूबेकच्या दप्तरात काही सापडायचं नाही.

वंशावळवाली : म्हणजे दोन्ही आडनावांनी शोधायचं. आणि बायकांचं काय? विहीणबाईंच्या आजीपुढे मी 'पूर्वाश्रमीच्या अमुक' असं लिहून ठेवलंय.

मोडीप्रेमी : ते काढा. एरवीही मला तो शब्द खटकतो. पूर्वाश्रम संन्याशाला असतो. लग्न म्हणजे काय संन्यास आहे? शिवाय तिथल्या चर्चच्या नोंदवह्यांत बाई जन्मापासून दफनापर्यंत माहेरच्याच आडनावानं असते. दफनाच्या नोंदीतही तिचं स्वतःचं नाव आणि मग 'अमक्याची बायको' किंवा 'विधवा'. व्यवहारात पुढे नवऱ्याचं आडनाव लावायची पद्धत आली, पण २ एप्रिल १९८१ पासून क्यूबेकच्या कायद्यानं लग्नानंतरही स्वतःचंच नाव ठरवून टाकलं. शोधणाऱ्याला हे वरदान. लग्नाच्या नोंदीत सहसा वधूवरांच्या आयांचीही माहेरची नावं मिळतात, की लगेच पुढची पिढी हाताला लागते. सिप्रियाँ ताँग्वे या पाद्र्यानं अशाच नोंदी जुळवून १८७१ ते १८९० या काळात सात खंडांचा वंशावळकोश काढला. त्यात चुका आहेत, तेव्हा मूळ नोंद पाहिल्याशिवाय उतरवू नका.

चकवा : आणि एकाच घरात सहा जोसेफ दिसले तर घाबरू नका. मुलाच्या बाप्तिस्म्याच्या नावात जोसेफ आणि मुलीच्या नावात मारी घालायची सर्रास पद्धत होती. हाक मारायचं नाव बहुतेक वेळा शेवटी असतं.

वंशावळवाली : मुलीचा बाप जोसेफ, काका जोसेफ, हे कोडं आत्ता सुटलं! ठरलं मग. 'उदाँ दी बोल्यू' तसंच ठेवते, पहिल्या पानावर 'दी : ऊर्फ, पण वंशपरंपरेनं चालणारा' अशी टीप देते, आणि आजीबाईंच्या नावाआधीचं 'पूर्वाश्रमीच्या' आजच खोडते.