सरसकट फाशी? मग निर्दोष सुटलेल्या सहा जणांचं काय?

‘खुन्याला सरकारने कशाला पोसायचं, लटकवा’ असं अनेक जण म्हणतात. आमच्या पंचवटीतल्या टपरीवरही हेच चालतं. ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याने म्हटलं तर मी गप्प बसतो. पण महाराष्ट्रातलंच २००३ चं एक खुनाचं प्रकरण घ्या. आरोपी भटक्या जमातीतले सहा जण. उच्च न्यायालयाने तिघांना जन्मठेपेवर आणलं होतं, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. आणि २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं, वर प्रत्येकी ५ लाख भरपाई! फाशी फक्त अगदी अपवादात्मक गुन्ह्यातच द्यायची, ही ‘दुर्मिळातील दुर्मीळ’ची चाळणी १९८० पासून आहे, तरी हे घडलं. मधल्या दहा वर्षांत दोर ओढला असता, तर ते पैसे कुणाच्या हातावर ठेवले असते? मरेपर्यंत तुरुंगात ठेवा, माझी हरकत नाही.