घरात सहा माणसं, तरी पोरगं एकटं कसं? (कालच्या पोस्टला उत्तर)

एक आई: काल एकानं इथं लिहिलं, "पोरं एकटी पडतात हे पुण्या-मुंबईचं खूळ. आपल्या सोलापुरात एका खोलीत आठ जण, एकटं पडायला जागा कुठाय?" डोकं फिरलं माझं. मार्च २०२० ला शाळेला कुलूप लागलं तेव्हा माझा पोरगा सहावीत. मधे उघडझाप झाली, नीट उघडली ती ४ ऑक्टोबर २०२१ ला. तोवर पठ्ठ्या आठवीत. घरात आम्ही सहा जण, सासूबाई दिवसभर शेजारी विड्या वळत बसलेल्या. तरी तो एकटाच. शाळेच्या पहिल्या दिवशी कोपऱ्यापर्यंत गेला, उलटी करून परत आला. गड्ड्याच्या जत्रेला चल म्हटलं तर म्हणे, "गर्दी असते." गड्ड्यात गर्दी नसणार तर काय असणार!

चादरवाला: मीच लिहिलंय, मागं घेणार नाही. माझा बाप सातवीत शाळा सोडून मागावर उभा राहिला. त्याला कुणी विचारलं होतं मन कसंय म्हणून? मोबाईल काढून घ्या, कामाला लावा.

होटगी रोड: शेजारच्या मागावर माणूस होता की ओ! डबा खाताना टिंगलटवाळी होती. चौदा-पंधराव्या वर्षी पोरांना आईबापापेक्षा दोस्त काय म्हणतो ते मोठं. तेच तुटलं तर घरातल्या सहा जणांचा काय उपयोग? आणि पुण्या-मुंबईचं खूळ म्हणे! २०२५ चा जागतिक आरोग्य संघटनेचा अहवाल बघा. जगात सहातला एक माणूस एकटेपणानं ग्रासलेला, त्यातही किशोरवयीन मुलं सगळ्यात पुढं.

चादरवाला: जिनिव्हात बसून लिहितात, त्यांना काय आपली गल्ली माहीत.

निनावी: उलट सांगते. माझी लेक अडखळत बोलते, वर्गात हसायचे. शाळा बंद झाली तर सुटल्यासारखी खुलली. उघडल्यावर मात्र पूर्वीपेक्षा जास्त घाबरली. जे टाळावं त्याची भीती वाढतच जाते.

पूर्वभागकर: माझा भाचा सहा महिने खोलीतून फक्त नळ आला की बाहेर यायचा. चार दिवसांनी एकदा. तेवढाच काय तो गल्लीशी बोलायचा.

जुळे सोलापूर: चार दिवसांनी? नशीबवान आहात! आमच्याकडं सहावा दिवस, तोही रात्री अडीचला.

पूर्वभागकर: आमच्याकडं दोनला. प्रेशर विचारू नका, करंगळीएवढी धार.

जुळे सोलापूर: उजनी धरण काठोकाठ भरलं तरी हेच. लोक सोलापुरात पोरगी द्यायला घाबरतात बे, पाणी भरावं लागतं म्हणून!

चादरवाला: उसाला जातं सगळं. ते बोला की.

होटगी रोड: ऊसवाल्याच्या नावानं बोंब मारायची अन् चहात साखर दोन चमचे. शेतकऱ्यानं काय करायचं, कुसळं पेरायची?

चादरवाला: तुमचा किती एकर आहे ते सांगा आधी.

एक आई: धागा पोरांचा आहे हो! नळाची भांडणं नळावर करा.

चादरवाला: बरं बाई. ते मनाच्या त्रासासाठी सरकारी हेल्पलाइन आहे ना, १४४१६, तिथं मराठीत बोलतात का? माझ्या नाही, भावाच्या पोरीसाठी विचारतोय. अकरावीत आहे, दार लावून बसते. आम्हाला वाटायचं अभ्यास करतीय.

एक आई: बोलतात. टेलिमानस आहे ते, फुकट, रात्रीही. पण आधी दार वाजवा. अन् आत गेल्या गेल्या मार्क विचारू नका.

चादरवाला: विचारत नाही. तुमचं सगळं पटलंय असंही समजू नका. आज आमचा नळाचा दिवस आहे, हंडे घेऊन ये म्हणून तिलाच हाक मारतो.

पूर्वभागकर: भावाच्या घरी जाऊन?